व्होल्गा-डॉन कालवा : एका विलंबाची मीमांसा

व्होल्गा कास्पियन समुद्रास मिळते, डॉन अझोव्हच्या समुद्रास. तथापि आजच्या व्होल्गोग्राडजवळ या दोन नद्या एकमेकींच्या इतक्या निकट येतात की, मधला भूभाग कालव्याने छेदावा असा विचार राज्यकर्त्यांच्या मनात वारंवार यावा, हे स्वाभाविकच होय. तो सिद्धीस जाण्यास जवळजवळ चार शतके लागली. या विलंबाचे कारण केवळ तंत्राच्या उणिवेत शोधणे सयुक्तिक ठरणार नाही.

१५५६ मध्ये मॉस्कोने अस्त्राखान जिंकले. ते हिरावून घेण्यासाठी आपले नौदल डॉनमधून व्होल्गेत न्यावे, या हेतूने ऑटोमन मुख्य वजीर सोकोल्लू मेहमद पाशा याने १५६९ साली मोहीम धाडली. परंतु खोदकाम लवकरच सोडून द्यावे लागले. पुढे पीटर द ग्रेट याने १६९७ साली उत्तरेकडे, कामिशिन्का व इलोव्ल्या या उपनद्यांच्या दरम्यान काम आरंभिले. काही काळ इंग्रज स्थापत्यविशारद जॉन पेरी त्यावर नियुक्त होता. स्वीडनशी युद्ध जुंपल्यावर १७०१ मध्ये तेही थांबले, आणि १७११ च्या तहान्वये अझोव्ह गमवावे लागल्याने त्या कालव्याचे प्रयोजनच उरले नाही. दोन्ही नद्यांची मुखे एका सत्तेच्या हाती स्थिरपणे नसताना त्यांना जोडणारा कालवा निष्फळच ठरला असता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही राजकीय अडचण दूर झाली. भूरचनेची मात्र कायम होती. व्होल्गेकडून जहाजास सुमारे ८८ मीटर चढावे लागते व डॉनकडे सुमारे ४४ मीटर उतरावे लागते. १९४८ ते १९५२ या काळात बांधलेल्या १०१ किलोमीटर लांबीच्या सोव्हिएट कालव्यात याकरिता १३ जलपाश आहेत : नऊ व्होल्गेच्या उतारावर, चार डॉनच्या. माथ्यावरील पाणी डॉनमधून तीन पंपगृहांद्वारे चढविले जाते. विजेवाचून हे घडते ना.

परंतु येथेच थांबल्यास आपले उत्तर अपुरे राहील. हा कालवा अवघ्या चार वर्षांत पुरा झाला, त्यास यंत्रांइतकेच बंदिवानांचे सक्तीचे श्रम कारणीभूत होते. जुलै १९५२ च्या उद्‌घाटनसमारंभात गौरव झाला तो स्टालिनचा. पाण्याची उंची नोंदविणाऱ्या इतिहासकाराने ते वर चढविण्यासाठी खपलेल्या माणसांचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.