पद्मिनीचं दार एका झटक्यात का लागत नाही?

आजचा भाग एका फटीबद्दल आहे. गाडीचं दार आणि बॉडी यांच्यामध्ये काही मिलिमीटरची जी बारीक फट दिसते ना, तिच्याबद्दल. वरून खाली सारखी असेल तर आपलं लक्षही जात नाही. वर कमी, खाली जास्त असली की गाडी लगेच ‘म्हातारी’ वाटायला लागते. पण ही फट नीट वाचता आली तर गाडीचा आणि ती बनवणाऱ्या कारखान्याचा बराच इतिहास कळतो.

उदाहरण आपल्याच मुंबईचं घेऊया, प्रीमियर पद्मिनी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. तिच्यात बसलेल्या प्रत्येकाला ते दार आठवत असणार. अलगद ओढलं तर लागायचं नाही, आणि जोरात आपटलं की ड्रायव्हरकाका मागे वळून बघायचे!

मग प्रश्न असा, की हे दार वाकडं का व्हायचं? गाडी वापरून झिजली म्हणून, की मुळातच तशी बनली होती? माझं उत्तर आहे : दोन्ही.

तुरिन ते कुर्ला

पद्मिनीचा जन्म इटलीतला. फियाटने 1953 मध्ये 1100/103 हे मॉडेल आणलं. त्यात मोठा बदल असा, की वेगळी चासी नव्हती. जुन्या पद्धतीत खाली एक मजबूत लोखंडी सांगाडा असायचा आणि वर बॉडी बसवायचे. इथे मात्र पत्र्याचा डबाच सगळा भार पेलतो. फरशी, छत, खांब आणि दाराखालची ती पेटीसारखी पट्टी, जिला सिल म्हणतात, हे सगळं मिळून गाडी उभी राहते. वजन कमी, खर्च कमी. पण सिल गंजली की फक्त पत्रा सडत नाही, गाडीचा कणाच वाकतो. आणि कणा वाकल्याची पहिली खबर दाराची फट देते.

आणखी एक गंमत. या 1100 च्या सुरुवातीच्या गाड्यांची पुढची दारं उलटी उघडायची. बिजागऱ्या मधल्या खांबावर आणि हँडल पुढच्या बाजूला. अशा दाराचा खटका चालत्या गाडीत निसटला तर वारा दार खेचून सताड उघडतो. 1960 च्या आसपास फियाटने बिजागऱ्या पुढच्या बाजूला नेल्या. आता खटका निसटला तरी वारा दाराला उलट बंदच करू बघतो. म्हणजे दार कुठे टांगायचं हा दिसण्याचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. 1964 मध्ये इथे फियाट 1100 डिलाइट आली, आणि 1974 पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदललं, पण बॉडीचा मूळ आकार जवळपास तोच राहिला, थेट 2000 च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत.

आता यातली मेख बघा. पत्रा साच्यात दाबून पॅनल बनतं. साचा झिजतो, मग पॅनलच्या कडा हळूहळू बदलतात. नवीन साचे प्रचंड महाग. आणि तो काळ परवाना राजचा. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. किमतीवरही सरकारचं नियंत्रण होतं. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1971 मध्ये त्यावर निकाल आला. जिथे दार वाकडं असलं तरी रांग कमी होत नाही आणि दार सरळ केलं म्हणून जास्त किंमत लावता येत नाही, तिथे नव्या साच्यावर पैसे कोण घालणार? कामगारांना दोष देणं सोपं आहे. पण मला वाटतं, ती फट कारखान्यापेक्षा धोरणाची जास्त होती.

हाताने बसवलेलं दार

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. त्या काळी युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांतही दारं ‘बसवायला’ माणसं असायची. लाकडी ठोकळा, रबरी हातोडा आणि अनुभवी डोळे. दार घट्ट असेल तर ठोकळा अडकवून किंचित वाकवायचं. जोड उघडा राहिला तर त्यावर शिसं वितळवून घासायचं. प्रत्येक गाडीचं दार त्या गाडीपुरतंच बरोबर. म्हणूनच एका गाडीचं दार काढून दुसऱ्या तशाच गाडीला लावलं तर ते क्वचितच पहिल्या फटक्यात बसतं.

हे बदललं ते मोजमापाने. जपानी कंपन्यांनी बॉडीतला फरक इतका कमी केला की अमेरिकेला घाम फुटला. 1990 च्या दशकात मिशिगन विद्यापीठ आणि तिथल्या कार कंपन्यांनी मिळून एक प्रकल्पच हाती घेतला : संपूर्ण बॉडीतला फरक 2 मिलिमीटरच्या आत आणायचा. दार शेवटी ठोकून बसवण्यापेक्षा आधीच्या प्रत्येक वेल्डिंगला मोजायचं, चूक जिथे जन्मते तिथेच पकडायची. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे ही कल्पना मला फारच जवळची वाटते.

आता प्रत्यक्ष काम

समजा आज तुमच्याकडे घरची जुनी पद्मिनी आहे आणि दार खाली आलंय. बहुतेक जण पहिली गोष्ट काय करतात? खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्यात खटका अडकतो तो तुकडा, सैल करून खाली सरकवतात. दार लागतं आणि सगळे खूश. पण दार अजून वाकडंच आहे! आता प्रत्येक वेळी स्ट्रायकर त्याला ओढून धरतोय, एवढंच. थोड्या दिवसांनी तोही झिजणार.

म्हणून स्ट्रायकर आधी काढूनच ठेवा. दार मोकळं लटकू द्या. मग ते थोडं उघडून टोकाला धरा आणि वर-खाली हलवा. बिजागरीत खडखड झाली तर पिना झिजल्यात. इथे साधं गणित आहे. दोन बिजागऱ्यांमध्ये 35 सेंटीमीटर अंतर आणि दार 90 सेंटीमीटर लांब धरलं, तर वरच्या बिजागरीतली 1 मिलिमीटरची ढिलाई खटक्याजवळ अडीच मिलिमीटर होते. काचेचं वजनही दाराच्या पोटातच असतं, त्यामुळे हे होणारच.

बिजागरी घट्ट आहे पण तिच्यासकट खांबच हलतोय? मग दुखणं खोल आहे. जॅक लावून गाडीची एक बाजू हळूहळू उचला आणि फटीकडे बघत राहा. गाडी उचलताना फट स्पष्टपणे बदलली तर सिल किंवा खांबाचा पाया गंजलाय. अशा वेळी सिल सरळ कापायची नाही. आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप वेल्ड करून चौकट बांधून घ्यायची, मगच कापायची. नाहीतर वेल्डिंग संपेपर्यंत चौकटीचा आकारच बदलतो आणि जगातलं कुठलंच दार तिथे बसत नाही.

बॉडी ठीक असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी मागचं दार, कारण त्याच्या मागचा पत्रा बॉडीचाच भाग आहे, तो सरकत नाही. मग मागच्या दारावरून पुढचं दार. दोन्ही बसवताना रबर बीडिंग काढून ठेवा. नवीन जाड रबर दाराला बाहेर ढकलतं आणि दोष बिजागरीचा वाटतो. रबर लावून झालं की सर्वात शेवटी स्ट्रायकर.

काचेला हात त्याच्यानंतर. पद्मिनीच्या पुढच्या दारात ती छोटी तिकोनी काच आठवते? तिच्या मागे एक उभी पट्टी असते. मोठी काच या पट्टीतल्या चॅनलमधून वर-खाली जाते. पट्टी जराशी तिरकी झाली की काच अर्ध्यावर अडकते आणि आपण हँडल जोरात फिरवून आतल्या मशीनचे दाते तोडतो. म्हणून आधी पट्टी मागच्या चॅनलला समांतर करा, चॅनलमधलं झिजलेलं फेल्ट बदला, आणि मशीनकडे त्यानंतर बघा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने साफ करायला विसरू नका. मुंबईच्या पावसात ती बुजली की दार आतून सडतं.

किती सरळ म्हणजे सरळ?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी यात बसत नाही. 1974 च्या पहिल्या पद्मिनी 2024 मध्ये पन्नाशीच्या झाल्या. म्हणजे आज गॅरेजमध्ये दाराबद्दल घेतलेला निर्णय त्या गाडीचं भविष्य ठरवू शकतो.

अशा वेळी मोह होतो की लांबी भरभरून प्रत्येक फट आजच्या गाडीसारखी करून टाकावी. माझं म्हणणं, नको. दार एका बोटाने लागलं पाहिजे, पाणी आत येता कामा नये, चालत्या गाडीत उघडता कामा नये. एवढं नक्की करा. पण कुर्ल्यात हाताने बसवलेल्या दाराची फट थोडी कमी-जास्त असणं हा दोष नाही, ती त्या हातांची सही आहे. झिजेमुळे आलेला वाकडेपणा काढा आणि जन्मापासूनचा राहू द्या. या दोन्हींतला फरक ओळखणारे टिंकर आता कमी होत चाललेत. तुमच्या भागात असा कुणी असेल तर एखादी दुपार त्यांच्यासोबत घालवा, ते काय करतात ते रेकॉर्ड करा. पद्मिनीचे पार्ट शोधून मिळतील एक वेळ, ही नजर मिळणार नाही.

आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात. आणि हो, टॅक्सी कुठलीही असो, दार जरा हळू लावा!