दुष्काळ आणि देहाचे वजन

१९०१च्या जनगणनेत आजच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली. दहा वर्षांत सुमारे पंधरा टक्क्यांनी घटलेली. कारण दुष्काळ. वैनगंगेच्या खोऱ्यात धान हेच मुख्य पीक, तर बैहरच्या पठारावर बैगा-गोंडांचा आधार कोदो-कुटकी, मोहफुले आणि कंदमुळे. पाऊस हुकला की धान जाई; तेव्हा जंगलच तारणारे, पण इंग्रजी वनखात्याने बेवर म्हणजे फिरत्या शेतीवर बंधने घालून तो आधारही तोकडा केला. म्हणजे माणसाच्या अंगावर मांस किती चढावे, हे त्याच्या भुकेइतकेच पावसाने आणि कायद्यानेही ठरवले.

यावर कोणी म्हणेल, तो उपासमारीचा इतिहास झाला. आजची सुटलेली पोटे अतिखाण्याची आणि बैठ्या कामाची. ते खरे, पण अपुरे; गर्भातल्या उपासमारीचाही पुढच्या वजनाशी संबंध दिसतो. १९४४-४५च्या डच दुष्काळात गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार सोसलेले मुलगे एकोणिसाव्या वर्षी अधिक प्रमाणात लठ्ठ आढळले. शेवटच्या महिन्यांत सोसलेले मात्र कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून जवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण त्यांच्या शरीरातली चरबी तुलनेने टिकलेली दिसली. यावरून बालाघाटच्या आजच्या लठ्ठपणाचे खापर शतकापूर्वीच्या दुष्काळावर फोडता येणार नाही. मात्र जिथे आयांचे कुपोषण सरत नाही, तिथे काट्यावरचा आकडा केवळ जिभेच्या लाडांचा मानणे अन्यायाचे. वजनाचा विचार मुलीच्या ताटापासून, तिच्या गरोदरपणाच्या कितीतरी आधी, सुरू व्हायला हवा.