निवळीचे बी, करवंटीचा कोळसा
केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरांत कोकणातल्या दिघीचे नाव आहे. कारखाने आले की सांडपाणी आले, आणि पाठोपाठ 'आपले पूर्वज झाडपाल्यानेच पाणी शुद्ध करत' हे पालुपदही. त्यात तथ्य आहे, पण दोन निराळी कुळे एकाच आडनावाखाली दडपली जातात. जुने कूळ निवळीचे, म्हणजे संस्कृतातल्या कतकाचे. गढूळ पाणी निवळणाऱ्या सात गोष्टी सुश्रुतसंहिता सांगते. कतक त्यांत पहिले. (मोती आणि मणीही त्याच यादीत आहेत, तेव्हा यादी पारखूनच घ्यावी.) मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात नुसते कतकाचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दाखला धर्माचरणासाठी दिला आहे. दाखला सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचाच देतात, म्हणून हा उपाय तेव्हा सर्रास चालत असावा. बी सहाणेवर उगाळून पाण्यात ढवळायचे, की गाळ तळाशी बसतो. मातीचे सूक्ष्म कण सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. बियांतले लांबलचक रेणू त्यांना बांधून जड करतात. सुदानमध्ये बायका शेवग्याच्या बियांनी नाईलचे पाणी असेच निवळत. मात्र हे सारे गढूळपणापुरते. जंतू बरेचसे गाळाबरोबर जातात, सगळे नाही. पाणी उकळावेच लागते.

कारखान्याचा रंग, फिनॉल किंवा कीटकनाशक पाण्यात विरघळलेले असते. त्याला तळाशी बसवता येत नाही, कशाला तरी चिकटवावे लागते. हे दुसरे कूळ कोळशाचे. कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे रसायनतज्ज्ञ लोविट्झने १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पाहिले. पुढे साखर कारखान्यांनी तो रस स्वच्छ करायला वापरला आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्यांना मागणी आली. करवंटीचा कोळसा सुमारे ९०० अंशांवर वाफेने भाजला की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजारेक चौरस मीटर भरतो. दिघीजवळच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळाच्या वाड्यांत हा कच्चा माल पडलेलाच असतो.

निवळीच्या पुडीला जड धातू चिकटतात, मग कुळे वेगळी कशी, असे कोणी विचारेल. प्रयोग झालेत खरे, पण त्यांत बियांचे काम गाळ बसवण्याचे नसून कोळशासारखे धरून ठेवण्याचे असते. सामान जुन्या कुळातले, रीत नव्या. तुरटी स्वस्त असताना बिया कशाला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात उतरतो आणि साठवले तर ते नासते. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांनी तुरटी निवडली यात गैर काही नाही. दिघीलगतच्या राजपुरी खाडीच्या पाण्याचा खारेपणा तर बी किंवा कोळसा, दोघांनाही हटवता येत नाही. शिवाय कोळशात धरलेले विष नाहीसे होत नाही. छिद्रे भरली की कोळसा पुन्हा भट्टीत भाजावा लागतो किंवा घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागते, आणि त्या भट्टीचा खर्च करवंटी फुकट मिळाली म्हणून टळत नाही.