पेन्सिलची नोंद आणि शाईची नोंद

परवा ऑफिसात एका ज्युनिअरचा कोड बघत होतो. फायरस्टोअरमधल्या एका डॉक्युमेंटची तीन फील्ड बदलायची होती: नाव, पत्ता, थकबाकी. पठ्ठ्याने 'अपडेट'ऐवजी 'सेट' वापरलं, तेही मर्ज न सांगता. तीन फील्ड बदलली खरी, पण ज्यांचा उल्लेखच नव्हता ती सगळी उडाली! त्याला समजावताना मला एकदम आमच्या माणिकपूरच्या वाडीचा सातबारा आठवला. हसू नका, पुढे वाचा.

वसईच्या जमिनीची नोंद तशी जुनी. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1554 मध्ये सिमाँव बोतेल्यु या त्यांच्या अधिकाऱ्याने महसुलाचा 'तोंबो' म्हणजे नोंदवही तयार केली. तिच्यात वसईही आहे. पण तिचा मुख्य प्रश्न एकच: वसूल किती? हक्क कुणाचा आणि तो कधी, कसा बदलला, हे लिहून ठेवायचा कायदा मुंबई इलाख्यात आला 1903 साली. 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. आज आपल्याकडे 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आहे.

आता गंमत बघा. घरातला कर्ता माणूस गेला की एका फटक्यात किती फील्ड बदलतात! गाव नमुना 7 वर मयताच्या जागी वारसांची नावं, 'इतर हक्क' रकान्यात फरक, शिवाय 8-अ वरची खाती. यातलं अर्धंच झालं तर? एका कागदावर मालक तीन आणि दुसऱ्यावर चार. डेटाबेसवाले ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात त्याची गरज नेमकी इथेच पडते. एकतर सगळं होऊ दे, नाहीतर काहीच नको.

कागदावर हे जमवायचं कसं? महसूलवाल्यांनी युक्ती काढली. सातबाऱ्याला थेट हात लावायचा नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक टाकून बदल लिहायचा. सातबाऱ्यावर तोवर फक्त पेन्सिलने. मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी मुदत. हरकत आली तर ती 6-अ या वेगळ्या वहीत. सगळं ठीक असेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार आणि मगच शाई. जुनं नाव खोडायचं नाही, कंसात टाकायचं. नव्या नावाशी फेरफाराचा क्रमांक.

म्हणजे पेन्सिल हे न झालेलं कमिट, शाई हे झालेलं! जिम ग्रेने ट्रान्झॅक्शन या कल्पनेवर आपला गाजलेला निबंध लिहिला 1981 मध्ये. 'ॲसिड' हे संक्षिप्त नाव हेर्डर आणि रॉयटर या जोडीने दिलं 1983 मध्ये. आधी लॉग लिहा, मग पान बदला, हा डेटाबेसचा नियम आमचे तलाठी तेव्हा कित्येक वर्षं पाळत होते. (तलाठ्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणायला लागलेत.)

मग आमच्या सातबाऱ्याचं काय? आजोबा गेले तेव्हाच्या फेरफारात नावं चार: आजी, बाबा, काका आणि आत्या. पुढे हाताने लिहिलेला सातबारा नव्या पानावर उतरवताना एक नाव गळलं. कुणाचं ते सांगायला नकोच. कॉम्प्युटरवर चढला तो हाच तीन नावांचा उतारा. मर्ज न करता 'सेट' झालं! वाडीचा एक तुकडा विकायची बोलणी निघाली, तेव्हा काका म्हणाले, "सातबाऱ्यावर तिचं नाव कुठाय?" आत्या काही बोलली नाही. बाबा मात्र उठले आणि त्यांनी जुन्या फेरफाराची नक्कल मागवली. चारही नावं, खाली प्रमाणित केल्याची सही. संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज केला आणि काही महिन्यांनी आत्या सातबाऱ्यावर परत आली. लॉग शाबूत होता म्हणून पान दुरुस्त झालं.

त्याच फायलीत वाडीचे आणखी कागद आहेत. एकावर 'नवघर-माणिकपूर नगरपरिषद, जिल्हा ठाणे', नंतरच्यावर 'वसई-विरार शहर महानगरपालिका', त्यानंतरच्यावर 'जिल्हा पालघर'. महानगरपालिका 2009 ची, जिल्हा 1 ऑगस्ट 2014 चा. जमीन तसूभर हलली नाही, फील्ड मात्र बदलत गेली. जुना कागद त्यामुळे खोटा ठरत नाही. तो त्या दिवसापुरता खराच.

एक फरक मात्र मला टोचतो. फायरस्टोअरचं ट्रान्झॅक्शन डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. मधेच दुसऱ्या कुणी तेच डॉक्युमेंट बदललं तर ते पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतं. पण ज्याची नोंद आहे त्याला ते विचारत नाही. फेरफार रखडतो, कंटाळा आणतो, पण नोटीस काढून विचारतो तरी: बाबा रे, तुझी हरकत आहे का?

ज्युनिअरला शेवटी एवढंच सांगितलं: जे फील्ड तू लिहीत नाहीयेस, त्याच्यामागेही कुणाची तरी आत्या असते. असो. आता त्याच्या कोडमध्ये 'अपडेट' आहे, आणि बदलांची नोंद ठेवणारं वेगळं कलेक्शनसुद्धा. त्याला त्याने नाव दिलंय 'फेरफार'.