बोलक्या भिंती

भिंतीला कान असतात, असें आपले वाडवडील सांगत आले. तिला तोंडहि असूं शकतें, हें मात्र विसाव्या शतकानें दाखवून दिलें. घरांत चित्रपटगृहासारखा मोठा पडदा लावावा आणि त्याच्या दोहों बाजूंस भिंतीवर भारदस्त ध्वनिक्षेपक, म्हणजे लाउडस्पीकर, चढवावे, ही हौस आज पुष्कळ घरांत शिरली आहे. हौस महाग आहे; आणि ती फसते तेव्हां दोष बहुधा यंत्राचा नसतो. भिंत ही केवळ खिळे ठोकण्याची जागा आहे, या समजुतीचा तो दोष असतो. वस्तुतः भिंत हा त्या यंत्राचाच एक अवयव आहे. ही गोष्ट माणसाच्या ध्यानांत कशी आली, पुन्हा कशी निसटली, आणि अखेर कशी परत आली, तें आज थोडक्यांत पाहूं.

आरंभीं ध्वनिक्षेपक म्हणजे कर्णा. १९१५ सालीं पीटर जेन्सन व एडविन प्रिडम या दोघांनीं सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत आपल्या विजेच्या कर्ण्याचा जाहीर प्रयोग करून दाखविला. मैदानांतील सभेला तो उत्तम. परंतु दिवाणखान्यांत त्याचा आवाज नाकांतून आल्यासारखा वाटे. पुढें १९२५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं कर्णा काढूनच टाकला. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेची लहानशी गुंडाळी हलावी आणि तिला चिकटलेला कागदी शंकू हवेला ढकलीत राहावा, अशी त्यांची योजना होती. आजहि बहुतेक ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात.

कर्णा गेला, पण एक निराळीच अडचण उभी राहिली. शंकू पुढें सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांबलचक असल्यामुळें या दोन्ही लहरी शंकूच्या कडेला वळसा घालून एकमेकींस मिळतात आणि परस्परांचा नाश करतात. तबल्याची चाट ऐकूं येते, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. यावर उपाय म्हणून शंकूभोंवतीं सपाट फळी बसवूं लागले. आतां हिशेब पाहा. सेकंदाला ५० कंपनें करणाऱ्या स्वराची लहर हवेंत सुमारें ६.८ मीटर, म्हणजे २२ फूट लांब असते. तो स्वर राखावयाचा तर फळी निदान अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे ११ फूट रुंद हवी! अशी फळी घरांत आणावी कशी?

उत्तर डोळ्यांसमोर होतें. घराची भिंत ही आयतीच तेवढी फळी आहे. इंग्लंड-अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं दोन खोल्यांमधील भिंतीस भोंक पाडून त्यांत ध्वनिक्षेपक बसविला. पुढची लहर या खोलींत, मागची त्या खोलींत. दोघींची गांठच पडूं नये. दर्शनीं भागावर कापडाची चौकट तेवढी दिसे. यॉर्कशायरमधील गिल्बर्ट ब्रिग्ज यांनीं १९३२ सालीं व्हार्फडेल हा कारखाना काढला. फळी स्वतः थरथरतां कामा नये, म्हणून लाकडाच्या दोन पातळ फळ्यांमध्यें कोरडी वाळू भरण्याची युक्ति त्यांनीं वापरली. अमेरिकेंत आर्कन्सॉ संस्थानांतील होप गांवीं पॉल क्लिप्श यांनीं तर १९४६ सालीं खोलीचा कोपराच कामाला लावला. त्यांच्या पेटींतून निघालेला कर्णा खोलीच्या दोन भिंतींवर पुढें पसरत जाई. पेटी संपली तरी वाद्य संपत नसे.

यानंतर भिंतीचा विसर पडला. १९५४ सालीं एडगर व्हिलचर यांनीं बंद पेटींतील हवेलाच स्प्रिंगसारखें वापरून लहानशा पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. पेटी फडताळांत मावूं लागली आणि भिंतीची गरज सरली असें वाटलें. १९६० नंतरच्या दशकांत जर्मनींतील ब्राउन कंपनीसाठीं डीटर राम्स यांनीं भिंतीवर ओळीनें टांगावयाचा संच आंखला. चापट ध्वनिक्षेपक, रेडिओ व फीतयंत्र हीं सारीं एका उंचीचीं. त्यानें डोळ्यांचें पारणें फेडलें. पण कानाचा प्रश्न १९७४ सालीं रॉय अ‍ॅलिसन यांनीं मोजमापांसह पुन्हां मांडला. पेटी भिंतीपासून ८५ सेंटिमीटर पुढें असली, तर मागें जाऊन परतलेली लहर सेकंदाला सुमारें १०० कंपनांच्या स्वरास खाऊं पाहते. तोच ध्वनिक्षेपक भिंतींत सपाट बसविला कीं ही खोट मागच्या भिंतीपुरती उरत नाहीं.

चित्रपटगृहाची कथाहि याच वाटेची आहे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत ‘आलम आरा’ लागला, आणि १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला. बोलपटाचा आवाज पात्राच्या तोंडून यावा म्हणून ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवीत, व पडद्याला बारीक छिद्रें असत. पुढें १९८३ सालीं टॉमलिन्सन होल्मन यांच्या टीएचएक्स पद्धतीनें पडद्यामागें सुटे उभे राहणारे हे ध्वनिक्षेपक एका सलग भिंतींत बसविण्याचा आग्रह धरला. तीच जुनी फळी, मोठ्या रूपांत.

आतां आपल्या घराकडे वळूं. जुन्या वाड्यांत कोनाडा आणि फडताळ भिंत बांधतांनाच ठेवीत. म्हणून तीं भिंतीला शोभत. तोच न्याय येथें लावावा. घर नवें असेल तर गिलाव्यापूर्वीच तारांच्या नळ्या भिंतींत घालाव्या. कोनाडा करावयाचा तर पेटीभोंवतींची फट भरून तोंड भिंतीशीं सपाट आणावें, नाहीं तर पोकळी घुमते. मात्र जिच्या पाठीस हवेचें भोंक आहे, अशी पेटी कोनाड्यांत कोंडूं नये. खांब वा तुळई कधींहि कोरूं नये. टांगावयाचें तर नऊ इंची विटांची भिंत बरी. वजन भिंतीपासून जितकें पुढें, तितका वरच्या बोल्टावर ताण अधिक. उंच स्वरांचें तोंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीस असावें. वर चढवावें लागलेंच तर खालीं कलतें करावें. दोन पेट्या आणि बैठक यांचा समभुज त्रिकोण साधावा. झांकण्याचें कापड तोंडाशीं धरून फुंकर घालावी. श्वास सहज पार गेला तर आवाजहि बहुधा जाईल.

आणि एक गोष्ट. चाळींत किंवा सदनिकेंत भिंत एकट्याची नसते. पलीकडे कोणाचें मूल निजलेलें असतें, कोणी आजारी असतें. भिंतीला वाद्य केलें कीं तें वाद्य दोन्ही घरांत वाजतें. म्हणून पेटी व भिंत यांच्यामध्यें रबराची जाड गादी घालावी, सामाईक भिंत शक्यतों टाळावी, आणि रात्रीं खर्ज आवरता घ्यावा. भिंतीला तोंड देतांना तिच्या पलीकडील कानांची आठवण ठेवणें, हेंहि त्याच शास्त्रांत मोडतें.