एमडीएस : सामायिक वाहनांसाठी शहरांची संगणकीय नियमावली

मोबिलिटी डेटा स्पेसिफिकेशन, संक्षेपाने एमडीएस, हे भाडेतत्त्वावरील ई-स्कूटर व सायकलींविषयीची माहिती कंपन्या आणि शहर प्रशासन यांच्यात एकाच ठरावीक स्वरूपात पोहोचावी, यासाठी तयार करण्यात आलेले खुले संगणकीय मानक आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या परिवहन विभागाने ते २०१८ मध्ये पुढे आणले. २०१९ पासून ‘ओपन मोबिलिटी फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था त्याचा सांभाळ करते.

या मानकाची गरज रस्त्यावर निर्माण झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘बर्ड’ कंपनीने कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ॲपद्वारे भाड्याने मिळणाऱ्या स्कूटर आणल्या. प्रवास संपला की स्कूटर तेथेच सोडून द्यावयाची, अशी ही सोय होती. मार्च २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशा स्कूटर परवानगीविनाच अवतरल्या आणि जूनमध्ये प्रशासनाला त्या हटवाव्या लागल्या. पदपथावर आडव्या पडलेल्या स्कूटरचा सर्वाधिक त्रास दृष्टिहीनांना आणि चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्यांना होत असे. मात्र कोणत्या भागात किती वाहने आहेत, हे कंपन्यांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. पुण्यातही २०१८ मध्ये अनेक कंपन्यांच्या ॲप-आधारित सायकली आल्या होत्या; त्यामुळे हे चित्र मराठी वाचकांना अगदीच अपरिचित नसावे.

एमडीएसमध्ये प्रत्येक वाहनाला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. वाहन उपलब्ध आहे, प्रवासात आहे की दुरुस्तीसाठी उचलले आहे, याची नोंद स्थान व वेळेसह शहराकडे जाते. उलट दिशेने, कोणत्या भागात किती वाहने चालतील, वेगमर्यादा किती, कोठे उभे करण्यास मनाई, हे नियम शहर संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात जाहीर करते. त्यामुळे एखाद्या मिरवणुकीपुरता रस्ता बंद करायचा असल्यास तो आदेश सर्व कंपन्यांना एकाच वेळी पोहोचू शकतो. कागदी परिपत्रकाच्या तुलनेत हा बदल मोठाच म्हणावा लागेल.

मर्यादाही स्पष्ट आहेत. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाधारित स्थाननिश्चिती काही मीटरने चुकते. स्कूटर पदपथावर आहे की रस्त्यावर, हे ठरविण्यास तेवढी चूक पुरेशी ठरते. शिवाय नियमन असले म्हणजे नागरिक समाधानी होतातच असे नाही. पॅरिसने कंपन्यांची संख्या ३ आणि स्कूटरची १५ हजारांवर आणली होती. तरीही एप्रिल २०२३ च्या सार्वमतात सुमारे ८९ टक्के मते स्कूटरविरोधात पडली आणि सप्टेंबरपासून सेवा बंद झाली. मतदान जेमतेम साडेसात टक्के होते, हेही नमूद करावयास हवे.

मुख्य वाद खासगीपणाचा आहे. प्रवासाचा आरंभ, शेवट आणि मार्ग लॉस एंजेलिस प्रशासनाकडे जात असे. प्रवाशाचे नाव त्यात नसते; परंतु रोज सकाळी एकाच घरासमोरून निघणारा प्रवास कोणाचा, हे ताडणे अवघड नाही. तत्काळ माहिती देण्यास नकार दिल्यामुळे २०१९ मध्ये उबरच्या ‘जंप’ सेवेचा परवाना निलंबित झाला. पुढे नागरी हक्क संघटनांनी न्यायालयात धाव घेतली. मे २०२२ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने दावा फेटाळल्याचा निर्णय कायम ठेवला. प्रवाशाने आपले स्थान स्वेच्छेने कंपनीला दिलेले असते, सबब त्याविषयी खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. स्कूटर भाड्याने घेताना दुसरा पर्यायच नसतो, हा मुद्दा मात्र त्यामुळे निकाली निघत नाही.

दरम्यान, याच संस्थेने २०२२ मध्ये रस्त्याच्या कडेच्या जागेसाठी वेगळे मानक प्रसिद्ध केले. मालवाहू गाड्यांनी कोठे, किती वेळ आणि किती शुल्कात थांबावे, हे नियम त्यात मांडता येतात.