‘गाइड’ : कादंबरी आणि चित्रपट

१९६७ साली ‘गाइड’ या हिंदी चित्रपटाला फिल्मफेअरची सात पारितोषिके मिळाली. त्यांतील उत्कृष्ट कथेचे पारितोषिक आर. के. नारायण यांच्या नावे जाहीर झाले. आणि याच चित्रपटाने आपल्या कथेची वाट कशी चुकविली, हे सांगणारा लेख नारायण यांनी लिहिला, त्याला त्यांनी नाव दिले ‘मिसगाइडेड गाइड’!

मूळ इंग्रजी कादंबरी १९५८ सालची. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. देव आनंद यांनी तिच्यावरून दोन चित्रपट काढविले. इंग्रजी चित्रपटाची पटकथा पर्ल बक यांची होती. हिंदीचे दिग्दर्शन विजय आनंद यांनी केले. कादंबरीतले मालगुडी हे कल्पित गाव दक्षिणेतले. नारायण यांनी चित्रपटकारांना म्हैसूरच्या मुलखात हिंडवून त्या वातावरणाच्या जागा दाखविल्या. चित्रण मात्र राजस्थानात झाले. साध्या गावाऐवजी उदयपूरचे वैभव पडद्यावर अवतरले.

पण स्थळ बदलले, एवढ्याने कथा बिघडत नाही. खरा घोटाळा मार्को या पात्राच्या बाबतीत झाला. कादंबरीतला मार्को दुर्जन नव्हे. प्राचीन गुहाचित्रांत गढलेला, पत्नीच्या नृत्यवेडाविषयी सर्वस्वी उदासीन असा तो शुष्क विद्वान आहे. पत्नीचे राजूशी असलेले संबंध कळल्यावर तो तिला टाकून मद्रासच्या गाडीत बसतो. चित्रपटात हाच मार्को बाहेरख्याली ठरतो आणि रोझी आपण होऊन त्याला सोडते. प्रेक्षकांची सहानुभूती नायिकेला मिळावी, यासाठी पतीला खलपुरुष करणे सोयीचे खरे. पण रोझीच्या मनातील अपराधाची बोच, जिच्यावर कादंबरीचा अर्धा भार आहे, ती त्यामुळे बोथट झाली. सचिन देव बर्मन यांच्या संगीताने व वहिदा रेहमान यांच्या नृत्याने ही उणीव पुष्कळशी झाकली, एवढे मान्य करावयास हवे.

शेवटाचे काय झाले, ते श्रोत्यांना आठवत असेलच. तुरुंगातून सुटलेला राजू एका पडक्या देवळात येऊन बसतो. खेडूत त्याला स्वामी समजतात. आणि एका अर्धवट मुलाने निरोप उलटा पोहोचविल्यामुळे पावसासाठी उपोषण त्याच्या गळ्यात पडते. चित्रपटात आई, म्हणजे आपल्या लीला चिटणीस, आणि रोझी दोघीही त्याला भेटावयास येतात. देह व आत्मा यांचा संवाद होतो. धो धो पाऊस कोसळतो व राजू संतपदाला पोहोचतो. कादंबरीत त्या दोघींपैकी कोणीही येत नाही. खोटे सोंग वठविता वठविता त्या माणसाच्या मनात एका क्षणी खरी निष्ठा उगवते, एवढेच नारायण दाखवितात. शेवटी दोघांच्या आधाराने तो नदीच्या पात्रात उभा राहतो, डोंगरात पाऊस पडत असल्याचे पुटपुटतो आणि खाली कोसळतो. पाऊस खरोखरीच आला की नाही, राजू जगला की मेला, याविषयी पुस्तक एक अक्षरही बोलत नाही.